बाहुलीघरांच्या जत्रेला जाताना काय तयारी करावी?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

मुलगा नोकरीनिमित्त लंडनला असल्याने यंदा माझे तिकडे जाणे ठरले आहे, आणि माझ्या मुक्कामात तिथे बाहुलीघरांची व चिमुकल्या वस्तूंची जत्रा भरणार असल्याचे त्याने कळवले आहे. खानापूर तालुक्यातले आमचे आजोळचे कौलारू घर गेल्या उन्हाळ्यात उतरवले. सोपा, माजघर, देवघर, न्हाणी आणि मागचे परसू अशा त्या घराची लहान प्रतिकृती करावी, असे माझ्या मनाने घेतले आहे. मामांनी जुन्या तुळईचे सागवानी तुकडे राखून ठेवले आहेत आणि आईची पितळी भातुकली माझ्याकडे आहे. घराचे प्रमाण कोणते धरावे, जत्रेतून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निपाणी)

ताई, तयारी इथूनच सुरू करावी. या छंदात सर्वांत रुळलेले प्रमाण एकास बारा हे आहे, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट प्रतिकृतीत एक इंच होतो. साडेसहा फुटी दार साडेसहा इंचांचे होते आणि हिशेब तोंडी करता येतो. एकास चोवीस प्रमाणात लांबी-रुंदी निम्मी होते आणि जागा पाव लागते, परंतु खुंट्या, कोनाडे, कडीकोयंडे इतके बारीक होतात की नवख्या हाताला ते झेपत नाहीत. जोते अजून शाबूत असेल तर ते टेपने मोजून घ्या, आणि उंबरठा, खिडक्या व आढ्याची उंची मामांकडून विचारून वहीत उतरवून ठेवा. ती वही जत्रेत हाती असणे फार महत्त्वाचे आहे, कारण मापाशिवाय घेतलेली वस्तू कितीही सुबक असली तरी घरात बसत नाही.

भातुकलीबाबतही हेच लक्षात घ्यावे. आपली भातुकली खेळण्यासाठी घडवलेली असल्याने तिच्यातली सगळी भांडी एका प्रमाणाची नसतात. दोन इंच उंचीचा तांब्या या घरात ठेवला तर तो दोन फुटी ठरेल, मात्र तेवढ्याच उंचीचा बंब न्हाणीत चपखल बसेल. म्हणून प्रत्येक भांडे मोजून वेगळे काढावे.

प्रत्यक्ष जत्रेत पहिली फेरी काहीही न घेता मारावी. अशा जत्रांत पुष्कळदा कारागीर स्वतःच मेजामागे बसलेले असतात, आणि काम कसे केले हे विचारले तर ते आनंदाने सांगतात. वस्तू उचलण्यापूर्वी व फोटो काढण्यापूर्वी मात्र त्यांची परवानगी घ्यावी. मेजांमधल्या वाटा अरुंद असतात, त्यामुळे पाठीवरची पिशवी नेऊ नये. बारीक बिजागऱ्या, पितळी खिळे, नाजूक करवत आणि पट्ट्या कापण्याचा साचा अशा गोष्टी अवश्य घ्याव्यात. नक्षीदार सोफे, शेकोट्या आणि छत्रपलंग पाहून मोह होईल, पण तुमच्या माजघरात त्यांना जागा नाही. सुतारकाम आपल्याकडचा चांगला सुतार करून देईल. त्यासाठी पौंड खर्च करू नयेत.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

वेळ मिळाल्यास विंडसर किल्ल्यातले राणी मेरी यांचे बाहुलीघर जरूर पाहावे. नवी दिल्लीची आखणी करणारे एडविन लट्यन्स यांनीच त्याचा आराखडा केला आणि 1921 ते 1924 या काळात ते एकास बारा याच प्रमाणात उभे राहिले. त्यात विजेचे दिवे आहेत, नळाला पाणी येईल अशी व्यवस्था आहे, लिफ्ट आहेत. लंडनमध्येच बेथनल ग्रीन येथील यंग व्ही अँड ए संग्रहालयात जुनी बाहुलीघरे आहेत. माझ्या मते हे सर्व जत्रेच्या आधी पाहावे, म्हणजे चांगले काम ओळखण्याची नजर तयार होते.

उत्तर (खानापूर)

मी दरवर्षी दिवाळीत गल्लीतल्या मुलांबरोबर मातीचा किल्ला करतो, त्या अनुभवावरून कौलांविषयी लिहितो. मंगळुरी कौल साधारण 16 इंच लांब असते, म्हणजे तुमचे कौल सव्वा इंचाहून किंचित मोठे होईल. असे कौल इंग्लंडच्या जत्रेत शोधत बसू नये. लाकडी साचा करून खानापूरच्या मातीचीच कौले पाडावीत आणि कुंभाराकडून भाजून घ्यावीत. माती वाळताना व भाजताना आकसते. म्हणून आधी थोडी कौले पाडून किती आकसतात ते मोजावे आणि साचा तेवढा मोठा ठेवावा. मगच पुढची पाडावीत, कारण पूर्ण छपराला हजाराच्या वर कौले लागतील.

दिवे मात्र तिथूनच घ्यावेत. बाहुलीघरांचे दिवे बहुधा 12 व्होल्टचे असतात आणि तिथली वीजही आपल्यासारखी 230 व्होल्टची असल्याने त्यांचा ट्रान्सफॉर्मर इथे चालतो. फक्त प्लगची पिन बदलावी लागते. करवत व पाती विमानात चढवायच्या मोठ्या बॅगेत द्यावीत, सुट्या बॅटऱ्या मात्र हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मामांनी आजच जोते मोजले. ते 36 फूट बाय 24 फूट भरले, म्हणजे प्रतिकृती तीन फूट बाय दोन फुटांची होईल. इतकी मोठी एकसंध वस्तू हलवणे अवघड जाईल, म्हणून सोपा, माजघर व देवघर एका फळीवर आणि न्हाणी व परसू दुसऱ्या फळीवर करून दोन्ही जोडता येतील असे ठेवण्याचे ठरवले आहे. तेव्हा बिजागऱ्यांबरोबर जत्रेत फळ्या जोडण्याचे बारीक खिट्टेही पाहीन.