कट फ्लॉवरसाठी परड्यात वेगळा वाफा करायचाय, आपल्या बेळगावच्या हवेत काय आणि कधी लावू?

परड्यातली_बाग (हिंडलगा)

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न जरा लांबडा आहे पण शेवटपर्यंत वाचा की प्लीज.

मागच्या आठवड्यात बहिणीकडे बेंगळूरला गेले होते, राणी चन्नम्मा एक्सप्रेसला रात्री बसलं की सकाळी तिथं, आणि नेमकं लालबागचं 15 ऑगस्टचं फ्लॉवर शो चालू होतं. काचघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती, सगळे मधल्या त्या मोठ्या फुलांच्या देखाव्यासमोर फोटो काढत होते. मी मात्र इकेबानाच्या, म्हणजे जपानी पद्धतीच्या फुलांच्या मांडणीच्या, टेबलापाशी अडकले ते अडकलेच. एका चपट्या काळ्या भांड्यात ग्लॅडिओलसच्या तीन दांड्या, एक वाळकी वाकडी फांदी आणि खाली दोन पांढऱ्या शेवंत्या, एवढंच. बहीण हात धरून ओढत होती तरी माझा पाय निघेना. तिथंच ठरवलं की आपल्या घरात रोज असं काहीतरी ठेवायचं, आणि फुलं आपल्याच परड्यातली पाहिजेत.

आता अडचण अशी आहे की समोरच्या बागेतली चार फुलं कापली तरी बाग ओकीबोकी दिसते, सासूबाईंनाही ते आवडत नाही आणि देवाला फुलं लागतातच. म्हणून मागं 20 बाय 12 फुटांचा तुकडा फक्त कापायच्या फुलांसाठी ठेवायचा विचार आहे. दुपारी दोनपर्यंत ऊन असतं, नंतर फणसाची सावली येते. माती आपली तांबडी, पावसात चिकट आणि डिसेंबरात दगड.

मागच्या वर्षी थोडं करून बघितलं होतं. झिनिया मस्त आला पण कापून आणला की दोन तासांत मान टाकायचा. डेलियाचे कंद पोस्टानं मागवले होते, जूनमध्येच लावले, सगळे कुजले. आणि शेवंतीचं तर मला कोडंच पडलंय, एकाच ओळीतली अर्धी झाडं दिवाळीला भरभरून फुलली आणि कंपाउंडकडची अर्धी जानेवारीपर्यंत नुसती पानं काढत बसली, खत तेच, पाणी तेच, रोपं पण एकाच गड्ड्यातली. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

मळेकरी_कडोली

ताई, पहिलं एक डोक्यातनं काढा, ही बाग न्हवं, हा मळा हाय. आम्ही कोबी, गाजर कसं लावतो, ओळीनं, मधी चालायला वाट सोडून, तसंच हे लावायचं. दिसायला छान दिसायची गरजच न्हाई, कापायला हात पोचला पाहिजे एवढंच बघायचं. एकदा मळा म्हटलं की कापताना जीव पण तुटत न्हाई बघा, कोथिंबीर उपटताना कुणी रडतंय काय?

आता लगेच जमिनीत काही घालू नका. पाऊस अजून हाय आणि परतीचा ऑक्टोबरात येणारच. आपल्या तांबड्या मातीत पाणी साचलं की कंद गेलाच म्हणून समजा, तुमच्या डेलियाचं तेच झालंय, कंद पाठवणाऱ्याला दोष देऊन उपयोग न्हाई, जूनमध्ये लावायचंच न्हवतं. गादीवाफे करा, वीतभर तरी उंच, त्यात कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळा, तूस घातलं की ती माती डिसेंबरात दगड व्हत न्हाई. डेलिया ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर लावा.

ग्लॅडिओलसचे कंद सगळे एकदम लावतासा आणि मग एकदम पंचवीस दांड्या येत्यात, चार दिवसांत खेळ खलास. त्यापेक्षा सप्टेंबरच्या शेवटाला दहा लावा, पंधरा दिवसांनी आणखी दहा, असं डिसेंबरपर्यंत. चार बोटं खोल, दोन कंदांत वीतभर अंतर. जातीप्रमाणं दोन ते तीन महिन्यांत दांडी येते. दांडी कापताना खाली चार पानं तरी झाडाला ठेवाच, त्याच पानांवर पुढच्या वर्षीचा कंद पोसतो. बाजारात पाठवताना लोकं लांब दांडीच्या हव्यासानं पार खालनं कापतात आणि दरवर्षी नवीन कंद विकत घेत बसतात.

आणि चिवारीच्या काठ्या रोवून दोन्ही बाजूनं सुतळी आत्ताच ओढून ठेवा. झाड पडल्यावर बांधलं की दांडी वाकडीच ऱ्हाती.

शेवंतीवाला_खानापूर

तुमच्या शेवंतीबद्दल विचारतो, कंपाउंडच्या बाहेर रस्त्यावरचा दिवा आहे काय? रात्रभर जळणारा?

परड्यातली_बाग (हिंडलगा)

अहो आहे की! मागच्या वर्षीच नवीन एलईडी बसवला, इतका उजेड पडतो की परड्यात रात्री वेगळा बल्ब लावावा लागत नाही. त्याचा संबंध आहे?

शेवंतीवाला_खानापूर

तोच सगळा संबंध. शेवंती दिवस लहान व्हायला लागले की कळी धरते असं आपण म्हणतो, पण झाड खरं मोजतं ते रात्रीला. रात्र लांब आणि सलग अंधारी मिळाली तरच शेंड्याला कळी येते. मध्येच उजेड पडला तर झाडाला वाटतं अजून उन्हाळ्याचे मोठे दिवस चाललेत, ते पानंच काढत राहतं. पॉलिहाऊसवाले हीच गोष्ट मुद्दाम करतात, रात्री बल्ब लावून फूल मागं ढकलतात आणि पाहिजे त्या तारखेला काळं कापड टाकून आणतात. मी हे माझ्याच अंगणात शिकलो, आमच्या पडवीचा दिवा ज्या तीन कुंड्यांवर पडायचा त्या तीनच फुलायच्या नाहीत. बायको म्हणायची कुंड्यांना दृष्ट लागली. एक कुंडी उचलून गोठ्यामागं ठेवली, तिला महिन्यानं कळ्या दिसल्या आणि बाकी दोन तशाच.

तुम्ही असं करा, पाऊस आहे तोवर ती झाडं मातीच्या गोळ्यासकट उचला आणि घराच्या सावलीआड, जिथं त्या दिव्याचा उजेड पोचत नाही तिथं हलवा. या दिवसांत सहज जगतात. शेंडे आता शेवटचे एकदा खुडा आणि मग हात लावू नका. एका दांडीवर एकच मोठं फूल पाहिजे असेल, तुम्ही बघितलं तसं, तर मधली कळी ठेवून बाजूच्या कळ्या मटारएवढ्या असतानाच काढायच्या. प्रदर्शनात ताटाएवढी शेवंती किंवा डेलिया दिसतो तो असाच काढलेला असतो, त्यात खतापेक्षा हाताचं काम जास्त.

निपाणीची_वैनी

झिनियाचं मी सांगते, कारण मी पण दोन वर्षं हाच मार खाल्लाय. झिनिया कळीत किंवा अर्धवट उमललेला कापायचाच नाही, तो पाण्यात पुढं उमलत नाही. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडी चिमटीत धरा आणि हलकं हलवून बघा. मान लुळी हलली तर अजून दोन दिवस थांबा, काठीसारखी ताठ राहिली तर कापा. एवढं एक कळलं तेव्हापासून माझा झिनिया आठ-आठ दिवस टिकतोय. डेलियाचं पण तसंच, पूर्ण उमललेलाच घ्यायचा. उलट ग्लॅडिओलस आणि निशिगंध मात्र खालची एक-दोन फुलं रंग दाखवायला लागली की कापायचे, वरची घरात आपोआप उमलत जातात, रोज सकाळी एक पायरी वर.

कापायला पहाटे जा, दव असताना, आणि बादली पाणी घेऊनच जा, हातात फुलं धरून बागेत गप्पा मारत फिरायचं नाही. घरी आणली की पाण्याखाली येणारी सगळी पानं ओरबाडून काढा, ती कुजतात आणि पाणी घाण करतात. लिटरला दोन चमचे साखर, चमचाभर लिंबाचा रस आणि घरातल्या ब्लीचचे दोन-चार थेंब. साखर फुलाला, बाकीचं पाणी स्वच्छ राहायला. नुसती साखर घालू नका, पाणी लवकर नासतं. एक दिवसाआड पाणी बदला आणि दांडीचं टोक तिरकं थोडं थोडं कापत जा.

आता प्रदर्शनाचं. तुम्ही लालबागला जाऊन आलात ते भारीच, जानेवारीत 26 च्या सुमाराला पुन्हा असतं. पण एवढं लांब कशाला फक्त, आपल्या बेळगावच्या ह्यूम पार्कात बागायत खात्याचं फल-पुष्प प्रदर्शन लागतं, कोल्हापूरला गार्डन्स क्लबचं असतं, आणि पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत. मी एक सवय लावून घेतलीय ती सांगते, पहिल्या दिवशी जायचं नाही. पहिल्या दिवशी सगळंच सुंदर दिसतं. उतरत्या दिवसांत जा, गर्दी पण कमी असते, आणि बघा की कुठलं फूल अजून ताठ उभं आहे आणि कुणाच्या पाकळ्या टेबलावर पडल्यात. जे उभं आहे त्याचं नाव वहीत लिहा, ते आपल्या घरात पण टिकणार. मी अशीच कोंबडा, ॲस्टर आणि बटनफूल लिहून आणली होती, कारण तीच नजरेत ताजी होती, आणि आज माझ्या वाफ्यात तीच सगळ्यात जास्त आहेत.

रंग पण तिथंच कळतात हो. जांभळ्या ॲस्टरशेजारी शेपूची पिवळी फुलं ठेवलेली बघितली होती एकदा, शेपू! भाजीचा! तेव्हापासून मी शेपूची एक ओळ मुद्दाम फुलायला सोडते.

मळेकरी_कडोली

वैनी बरोबर बोलल्या. ॲस्टर लावा ताई, आपल्या हवेला लई मानवतं. बेंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या बागायती संशोधन संस्थेनं काढलेल्या जाती हायत, कामिनी गुलाबी, पूर्णिमा पांढरी, व्हायोलेट कुशन जांभळी. बी आत्ता ट्रेमध्ये टाका, पत्र्याखाली ठेवा, महिन्याभरात रोप लावणीला येतं. फकस्त एक, ॲस्टर एकदा फुललं की संपलं, परत परत फुटत न्हाई, म्हणून हे पण दोन-तीन हप्त्यांत टाका. झिनियाचा शेंडा मात्र वीतभर झाला की खुडा, जितकं कापाल तितकं ते देतंय.

गणपत_गल्लीचा_गिऱ्हाईक

निशिगंधाचे कंद मार्च-एप्रिलमध्ये लावा, फणसाच्या बाजूला नको, पूर्ण ऊन पाहिजे त्याला. फुलदाणीला डबल घ्या, सुवासिनी जात. प्रज्वल सिंगल आहे, त्याच्या कळीला किंचित गुलाबी छटा असते, ती हार-गजऱ्याला चांगली. मार्केटमध्ये फूलवाल्या अक्का मोळावर (कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातावर) माळ मापून देतात ती फुलं सुटी खुडलेली असतात, त्यांना दांडी नसते, ती आणून फुलदाणीत ठेवता येत नाहीत म्हणून सांगतोय, मी एकदा ऐन गौरीला किलोभर घेऊन आलो होतो.

परड्यातली_बाग (हिंडलगा)

बारा दिवसांनी लिहितेय, गणपतीची गडबड होती. सगळ्यांना मनापासून थँक्यू.

शेवंतीची अकरा झाडं उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीआड लावली, मुलगा रात्री दहाला छत्री घेऊन बाहेर गेला आणि उजेड पोचतो काय ते हातावरची घड्याळाची वेळ वाचता येते का बघून सांगितलं. नाही वाचता आली. एकही झाड मेलं नाही. ॲस्टरचं बी बहिणीनं कुरिअर केलं, दोन ट्रे टाकलेत, पहिल्याला परवापासून दोन-दोन पानं दिसताहेत.

आणि एक सुचलं. माहेर येळ्ळूरचं, भावाचं भात आता पोटरीत आहे. त्याला सांगून ठेवलंय की लोंब्या भरल्या की कापणीच्या आधी मूठभर दांडीसकट दे, वाळवून ठेवते. त्या काळ्या भांड्यातल्या वाळक्या फांदीच्या जागी मला आपली भाताची लोंबी ठेवून बघायचीय, सोबत दोन पांढऱ्या शेवंत्या. पहिला वाफा कापला की फोटो टाकते.

पूर्णिमाचं अर्धं पाकीट शिल्लक आहे, कुणाला पाहिजे असेल तर सांगा, मंगळवारी हिंडलगा गणपतीला जाते तेव्हा घेऊन येईन.