दचकणं, धसका, घबराट सगळं एकच म्हणे!

औसेकर:
काल इथंच एकानं लिहिलं, मराठीत पॅनिकला धड शब्दच नाही, दचकणं, धसका, घबराट सगळे एकाच भीतीचे शब्द, मग सरळ पॅनिकच म्हणा. वाचून डोकंच सणकलं. लेकरू भांडं पडलं की दचकतं आन् घडीभरात परत खेळायला लागतं. धसका तसा जात नाही, तो बसतो, नाहीतर माणूस घेतो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या आत भूकंपानं किल्लारी हलली, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. आमची आजी वाचली, पण पुढं कधी रस्त्यानं ट्रक गेला आन् ताटाळ्यातली ताटं वाजली की ती तडक अंगणात. थंडीतसुद्धा बाज बाहेरच, घरात झोपलीच नाही मरेपर्यंत. ह्याला दचकणं म्हणायचं का पॅनिक?

परभणीकर_पुण्यात:
ती पोस्ट माझीच. आजींचं वाचून वाईट वाटलं, पण दादा, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. मी अचानक येणाऱ्या भीतीबद्दल लिहिलं होतं. अचानक काळजात धस्स होतं, धसका त्याच्या नंतरचा. मग त्या अचानकसाठी शब्द सांगा ना.

औसेकर:
धस्स हाच की तो शब्द! पुण्यात गेलं की घरचे शब्द कमी पडायला लागतेत.

नांदेडची_ताई:
पुणं मधी आणू नका. माझ्या जावेला घरबसल्या छातीत धडधड, हातपाय गार, आत्ता मरते असं वाटायचं आणि थोड्या वेळात उतरायचं. सगळे म्हणाले धसका घेतलाय. धसका म्हटलं की पहिला प्रश्न, कशाचा? तिला काही झालंच नव्हतं. मग सासरचे कारण शोधत बसले, अंगारा, लिंबू, उतारा, सगळं झालं. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरनं पॅनिक अटॅक सांगितलं तेव्हा कुठं औषध सुरू झालं. तुमच्या मायबोलीच्या अभिमानात तिचं वर्ष गेलं, त्याचं काय?

बीड_पाटोदा:
ताईंचं बरोबर. पण माझा राग वेगळाच आहे. पेपरवाल्यांनी 'धाबे दणाणले' ची पार वाट लावली. चौकशी लागली की अधिकाऱ्यांचे धाबे दणाणले, यादी आली की इच्छुकांचे धाबे दणाणले. अरे धाबं म्हणजे डोक्यावरचं मातीचं छत, ते दणाणलं तर माणूस खाली गाडला जातो!

औसेकर:
आमच्याकडं माळवद म्हणतेत. धाबं तुमच्या बीडकडं.

बीड_पाटोदा:
म्हणजे बीडची मराठी मराठी नाही का? पावसाळ्याच्या आधी वर पांढरी माती टाकायला मी स्वतः चढलोय, पाट्या वाहून मान मोडली. नाव काही द्या, वजन तेवढंच.

औसेकर:
तेच वजन अंगावर आलं ना 93 ला. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती, वर माळवद, अन् सुमारे दहा हजार माणसं गेली. आदल्या वर्षीच धक्के बसत होते, लोक भेवून बाहेर झोपायचे, मग सवय झाली आन् आत गेले. भीती मोडली म्हणून माणसं मेली. ह्याच्यावर कुणी बोलत नाही, शब्दांवर भांडतो आपण.

परभणीकर_पुण्यात:
शब्दांचा विषय तुम्हीच काढला, आता आम्हालाच बोलताय?

वसमतची_मास्तरीण:
भांडण थांबवा दोघंही. 2024 च्या मार्चमध्ये अन् परत जुलैमध्ये आमच्याकडं हिंगोलीत 4.5 चा धक्का बसला. जुलैचा सकाळी सातच्या पुढं. मी चहा गाळत होते, दचकले, गाळणी खाली. बाहेर आले तर सगळी गल्ली रस्त्यावर, कुणी कुणाचं ऐकेना, ती घबराट. घबराट एकट्याला होत नाही, ती माणसांमाणसांत पसरते. पांगरा शिंदेकडच्या लोकांना जमिनीतून आवाज आला की पोटात गोळा येतो, ती धास्ती, कारण ते पुढच्याची वाट बघतात. आता सांगा हे सगळं एकच आहे का?

परभणीकर_पुण्यात:
बरं, घबराट वेगळी, मानलं. दचकणंही वेगळं. पण ताईंच्या जावेला काय झालं त्याला तुमच्या चारही शब्दांत जागा नाही, तिथं मी पॅनिकच म्हणणार.

औसेकर:
दवाखान्यात म्हणा, तिथं माझी हरकत नाही. आजीच्या बाजेला म्हणू नका.

नांदेडची_ताई:
आजीला पण दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं दादा.

औसेकर:
कुणी नेलं असतं ताई तेव्हा? पत्र्याच्या शेडात होतो आम्ही.