भागाकार: वाटणी जमते, पण गट पाडताना मूल अडतं

पाटीपेन्सिल
तिसरीतल्या मुलाचा प्रश्न आहे. दहापर्यंतचे पाढे पाठ आहेत. १२ चिंचोके ३ ताटल्यांत वाटायला दिले की ४-४ बरोबर टाकतो. पण 'एका पुडीत ३ चिंचोके, तर १२ चिंचोक्यांच्या पुड्या किती?' असं विचारलं की पुन्हा ३ ताटल्याच मांडतो. १४ भागिले ४ दिलं तर 'होत नाही' म्हणून सोडून देतो. उभी मांडणी सुरू करावी की थांबावं?

खडूफळा
थांबा. 'भागिले ३ म्हणजे ३ ताटल्या' हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. वाटणीत गट किती ते ठाऊक असतं, एका गटात किती ते शोधायचं. पुड्यांच्या प्रश्नात नेमकं उलट. तिथे ताटल्या द्यायच्याच नाहीत. ढिगातून एकदम ३ चिंचोके उचलून फरशीवर ठेवायचे, भोवती खडूने गोल काढायचा, पुन्हा ३. ढीग संपला की गोल मोजायचे.

संख्या जपून निवडा. ९ भागिले ३ किंवा १६ भागिले ४ सुरुवातीला नकोतच; गट आणि गटातल्या वस्तू सारख्याच येतात, त्यामुळे चूक झाकली जाते. १२ व ३, २० व ४, १८ व ३ चालतील.

मग दोन्हींची सांगड घाला. ३ ताटल्यांत एकेक टाकत एक फेरी केली की ढिगातून ३ चिंचोके जातात. प्रत्येक फेरीला पाटीवर एक रेघ मारायला लावा. चार रेघा होतात: तीन चोक बारा. वाटणीतली फेरी हाच तीनचा गट! हे दिसलं की दोन्हीकडे तोच पाढा का लागतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

गणितकट्टा
फेरीच्या रेघांना +१. एक भर: वाटून झाल्यावर काही मुलं सगळ्या ताटल्यांतले मिळून मोजतात आणि १२ सांगतात, काही ताटल्याच मोजतात. वाटायच्या आधीच 'शेवटी काय मोजणार?' हे वदवून घ्या.

पुढे १२ मधून ३-३ वजा करताना किंवा संख्यारेषेवर मागे उड्या मारताना उत्तर ५ येतं. कारण मूल १२, ९, ६, ३, ० हे थांबे मोजतं. उड्या मोजायच्या, त्या चारच.

बाकीचं म्हणाल तर १४ भागिले ४ ला 'होत नाही' हे उत्तर येतं, कारण आजवर सगळी उदाहरणं पुरी वाटली जाणारीच दिलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच एखादं उरणारं द्या. ४ चे ३ गट, उरले २. मूल दोनच गट करून 'उरले ६' म्हणून थांबलं तर चूक दाखवू नका, 'यातून अजून एक गट निघतो का?' एवढंच विचारा. बाकी भाजकापेक्षा लहानच का असते, ते यातूनच कळतं. उरलेल्याचं काय करायचं हे मात्र प्रश्नावर ठरतं: १४ मुलं, एका होडीत ४, तर होड्या ४ लागतील, १४ फुलं, एका हारात ४, तर हार ३ च होतील.

पाटीपेन्सिल
धन्यवाद. मग उभी मांडणी कधी, आणि ती डावीकडूनच का?

खडूफळा
बाकीसह गट न चुकता पडू लागले की. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधा. ५६ भागिले ४: पाच गठ्ठे, सहा सुट्या. आधी सुट्या वाटू द्या. एकेक जाते, २ उरतात. मग गठ्ठे: एकेक जातो, १ उरतो. तो सोडला की १० आणि २ मिळून १२, म्हणजे सुट्या पुन्हा वाटायच्या, ३-३. उत्तर १४ बरोबरच येतं, पण काम दुप्पट. आता गठ्ठ्यांपासून करवा: उरलेला गठ्ठा सोडला की १६ सुट्या, ४-४, एकदाच. डावीकडून का, ते तोच सांगेल.

पुढचा खड्डा शून्याचा. ६१२ भागिले ६ चं उत्तर हमखास १२ येतं. शतकं वाटली, एकेक. दशक एकच, सहा जणांत पुरा जात नाही, म्हणून दशकाच्या घरात ० लिहायचं आणि तो गठ्ठा सोडून १२ सुट्या वाटायच्या. उत्तर १०२. मांडणीआधी घरांच्या रेघा आखून श, द, ए लिहायला लावा, रिकामं घर आपोआप खटकतं. तरीही १२ आलं तर १२ गुणिले ६ करायला सांगा.