श्रीलंकेला जावे ते तळ्यांसाठी

धागाकर्ता:

श्रीलंकेला का जावे, असे कोणी विचारले की उत्तर ठरलेले असते: तिथे इतिहास आहे आणि निसर्गही आहे. कार्यक्रमही त्याच वाटणीने आखला जातो. दोन दिवस अनुराधापूर, सिगिरिया आणि पोलोन्नरुवा, दोन दिवस डोंगर आणि चहाचे मळे, उरलेला वेळ समुद्रकिनारा. दोनदा जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की ही वाटणीच चुकीची आहे, निदान बेटाच्या कोरड्या पट्ट्यापुरती तरी, कारण तिथे ज्याला आपण निसर्ग म्हणतो त्याचा मोठा भाग दीड-दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी बांधलेल्या तळ्यांवर उभा आहे.

सिगिरियाचेच पाहा. पाचव्या शतकात कश्यपाने बाप धातुसेन याला मारून राज्य घेतले आणि सुमारे 200 मीटर उंचीच्या कातळावर महाल बांधला, ही कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. तिच्या आधीचा भाग मात्र बहुतेक जण गाळतात. बखरीत असे आहे की, खजिना कुठे दडवला आहे असे विचारल्यावर धातुसेन पकडणाऱ्यांना घेऊन स्वतः बांधलेल्या कलावेव तळ्यावर गेला आणि ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला, माझी संपत्ती एवढीच. कथा खरी की रचलेली हा प्रश्न वेगळा. तळे मात्र आजही भरते. त्यातून निघून अनुराधापूरला जाणारा जयगंगा हा पाट सुमारे 87 किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पहिल्या 17 मैलांत उतार मैलाला जेमतेम सहा इंच आहे, असे अभ्यासक सांगतात. एवढा मंद उतार आखणाऱ्याला जमिनीची जाण किती असेल, हा विचार मला त्या कातळावरच्या सिंहशिल्पाच्या पंजांपेक्षा जास्त वेळ पुरला.

तळ्याच्या बांधात पाण्याचा दाब आवरण्यासाठी 'बिसोकोटुव' नावाची चौकोनी विहिरीसारखी रचना असे. मोरीतून पाणी सोडताना दाबाने बांध फुटू नये, एवढे साधे तिचे काम, आणि तेवढ्यावर मोठमोठी तळी टिकली. सिगिरियाच्या पायथ्याच्या बागेतली कारंजीही पावसाळ्यात अजून उडतात, तीसुद्धा केवळ पाण्याच्या पातळीतल्या फरकावर. मिन्नेरिया हे तळे महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याचे पाणी मागे हटते, उघड्या पडलेल्या गाळात कोवळे गवत उगवते आणि त्या गवतासाठी शेकडो हत्ती जमतात. हा देखावा इतिहासाच्या खात्यात मांडायचा की निसर्गाच्या? महासेनाला तिथले लोक 'मिन्नेरी देवियो' म्हणून पुजतात, म्हणजे त्यांनी ही दोन खाती कधीच वेगळी ठेवली नसावीत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की श्रीलंकेला जायचे खरे कारण तळी हे आहे आणि बाकीचे सारे त्यांच्या मागून येते. असहमती असल्यास जरूर लिहावे.

पाणकावळा:

असहमत आहे. लेख वाचायला सुरेख आहे. पण एका पट्ट्याची गोष्ट साऱ्या देशावर पांघरली गेली आहे. नैर्ऋत्येकडच्या सिंहराजा नावाच्या पावसाळी जंगलात कोणत्याही राजाने काहीही बांधलेले नाही. तिथल्या झाडांच्या 60 टक्क्यांहून अधिक जाती केवळ याच बेटावर आढळतात. नारिंगी चोचीचे सातभाई आणि शेंडीवाला कोतवाल यांच्या पुढारपणाखाली निरनिराळ्या जातींचे पक्षी एकाच थव्याने फिरतात. तो थवा माथ्यावरून जाताना पाहिला की माणसाच्या कर्तृत्वाचा विषय दहा मिनिटे तरी मनात येत नाही, आणि माझ्या दृष्टीने प्रवासाला निघण्याचे हेच कारण पुरेसे आहे. निसर्गालाही माणसाचीच कामगिरी ठरवून टाकणे, हा मला थोडा अहंकाराचा प्रकार वाटतो.

मिन्नेरियाविषयीही सांगायला हवे. हत्ती येतात हे खरे, पण त्यांच्या भोवती जीपगाड्यांचा जो वेढा पडतो त्याचा उल्लेख लेखात नाही. शिवाय अलीकडे मोरगहकंद धरणाचे पाणी ऐन कोरड्या दिवसांत मिन्नेरियात सोडले गेल्यामुळे गवताचा पट्टा पाण्याखाली राहिला आणि हत्ती पांगले, अशा तक्रारी तिथल्या वन्यजीव अभ्यासकांनी केल्या आहेत. अलीकडच्या काही वर्षांत तर देशभरात एकेका वर्षात चारशेहून अधिक हत्ती आणि शंभराहून अधिक माणसे परस्परसंघर्षात किंवा अपघातांत मरण पावली आहेत. तळे, शेत आणि हत्ती यांचा जो जुना सलोखा आपण रंगवला आहे, तो आज तसा उरलेला नाही.

जुनी वही:

मला दोघांचेही पटत नाही. धागाकर्त्यांनी सारे श्रेय राजांना दिले आहे. धातुसेन, महासेन, आणि पुढे बाराव्या शतकातला पराक्रमबाहू, ज्याच्या नावावर 'पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्राला जाऊ नये' हे वचन सांगितले जाते. प्रत्यक्षात कोरड्या पट्ट्याला जगवले ते हजारो लहान गावतळ्यांनी. एका ओढ्याच्या खोऱ्यात वरच्या तळ्यातून सांडलेले पाणी खालच्या तळ्यात, त्याचे त्याच्या खालच्या तळ्यात, अशी ती माळ असते आणि तिला 'एल्लंगाव' म्हणतात. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा एक पट्टा राखलेला असतो, तो वारा आणि गाळ अडवतो. बांधाखालचा दुसरा पट्टा, 'कट्टकडुव', झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार शेतात जाण्याआधी शोषून घेतो. राज्ये बुडाली, राजधान्या दक्षिणेकडे सरकल्या, मोठे पाट शतकानुशतके मोडून पडले, तरी पुष्कळ ठिकाणी गावतळी गावकऱ्यांनी चालती ठेवली. 2017 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक कृषिवारशाचा मान दिला. मोठी तळी मात्र 'राजकारिय' नावाच्या सक्तीच्या श्रमसेवेवर उभी राहिली असणार, आणि ओंजळीतले पाणी दाखवणाऱ्या राजाच्या गोष्टीत त्या श्रमांना जागा नाही.

पाणकावळा यांना एवढेच विचारतो, की माणसाचा हात न लागलेला निसर्ग पाहायला निघालेला प्रवासी डोंगरात शिरला की नेमके काय पाहतो? नुवर एलियाच्या उतारांवरचा तो हिरवा गालिचा म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या जागेवरचा कारखाना आहे. आधी तिथे कॉफी होती. 1869 साली तिच्यावर तांबेरा रोग दिसला आणि पुढच्या काही वर्षांत मळे उद्ध्वस्त झाले. जेम्स टेलर याने 1867 साली लूलकंदुर येथे 19 एकरांवर लावलेला चहा मग सगळीकडे पसरला. मळ्यांवर राबायला तमिळ मजूर दक्षिण भारतातून नेले गेले, आणि देश स्वतंत्र झाल्यावर 1948 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या बहुसंख्यांना बिननागरिक ठरवले. अनेक कुटुंबे अजूनही मजुरांसाठी ओळीने बांधलेल्या जुन्या 'लाइन'च्या खोल्यांत राहतात. आगगाडीच्या दारात उभे राहून ज्यांची छायाचित्रे घेतली जातात ते मळे हेच. जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. तेथे निसर्ग पाहिला असे सांगू नये, इतकेच.

धागाकर्ता:

जुनी वही यांची गावतळ्यांची दुरुस्ती मी पूर्णपणे मान्य करतो. राजांच्या नावांना बखर मिळाली, गावांना मिळाली नाही, आणि मीही बखरीच्याच वाटेने गेलो. मात्र त्यामुळे माझा मूळ मुद्दा पडतो असे मला वाटत नाही, उलट तो बळकट होतो. झाडांचा पट्टा कोठे राखायचा हे ठरवणारा शेतकरी हा माझ्या म्हणण्याचा कातळावरच्या कश्यपापेक्षा चांगला साक्षीदार आहे.

पाणकावळा यांच्या सिंहराजाविषयी मात्र एक आठवण करून देतो. 1970 च्या दशकात त्याच जंगलात प्लायवूडसाठी यांत्रिक तोड सुरू होती. लोकांनी विरोध केल्यावर ती थांबली, आणि 1988 साली हे जंगल जागतिक वारशात गेले. तो थवा आज माथ्यावरून जातो, यामागेही माणसांचा एक निर्णय आहे.

यात्रिक:

चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, पण ज्या कारणासाठी भारतातून असंख्य लोक तिकडे जातात त्याचे नावही कोणी घेतलेले नाही. मी आईला घेऊन गेलो तो रामायणातल्या स्थळांसाठी. नुवर एलियाजवळच्या सीता एलियाच्या देवळामागून ओढा वाहतो, तेथे ती अर्धा तास बसून होती. अमुक ठिकाण अशोकवाटिकाच कशावरून, असे विचारणाऱ्यांना माझ्याकडे पुरावा नाही. तिला तो लागलाही नाही. श्रद्धा हे प्रवासाचे सर्वांत जुने कारण आहे. श्रीपाद शिखरावर एकाच पाउलखुणेला कोणी बुद्धाची म्हणतो, कोणी शिवाची, कोणी आदमाची, आणि सगळे त्याच पायऱ्या चढतात.

जुनी वही:

श्रीपादाचा दाखला उत्तम आहे आणि आपल्या आईंच्या त्या अर्ध्या तासाविषयी मला काहीही म्हणायचे नाही. हरकत आहे ती पर्यटनासाठी आखलेल्या यादीला, कारण तिच्यात आपलीच गोष्ट परक्या देशात जाऊन पुन्हा ऐकायची सोय असते आणि त्या देशाची स्वतःची गोष्ट ऐकायला वेळ उरत नाही. कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गॉल येथे सापडलेली एक शिळा आहे. चिनी दर्यासारंग चंग ह याच्या मोहिमेची ती 1409 सालची शिळा असून, चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळ मजकुरात विष्णुरूप देवाला आणि फारसी मजकुरात अल्लाला दाने अर्पण केल्याची नोंद आहे. तीन धर्मांना एकाच दगडावर नमस्कार करणारा तो खलाशी राजकारणी होता की भाविक, हे ठरवत मी बराच वेळ तिच्यापुढे उभा राहिलो. शेजारून जाणाऱ्या सहलीने तिच्याकडे पाहिलेही नाही.

उत्तरायण:

आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत बेट अनुराधापूरपाशी संपते. त्याच्या उत्तरेला जाफना आहे, आणि तिथे 1981 साली जाळले गेलेले सुमारे 97,000 ग्रंथ व हस्तलिखितांचे वाचनालय पुन्हा उभे केलेले आहे. 1983 ते 2009 असे यादवी युद्ध ज्या देशाने भोगले, त्याच्या समृद्ध इतिहासात हा काळ येत नाही का? मी ताडांच्या रांगांमधून, खारट सरोवरांच्या कडेने जाफन्याला गेलो तेव्हा परदेशी प्रवासी जवळजवळ दिसले नाहीत. उत्तरेत खोल चुनखडीच्या विहिरी आहेत, मोठी तळी कमी आहेत, म्हणजे धागाकर्त्यांच्या कसोटीला हा भाग उतरत नाही. कसोटीच अपुरी आहे, असे मला वाटते.

धागाकर्ता:

हा आक्षेप मला मान्य करावा लागेल. दोन्ही वेळा मी जाफन्याच्या वाटेवरच्या वावुनियापासून मागे फिरलो होतो, आणि त्याचे कारण दिवस कमी होते एवढेच नव्हते. तिकडे 'पाहण्यासारखे' काय, असे मला वाटले होते. उत्तरेचा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे वर्षाअखेरचा, आणि मिन्नेरियाचे हत्ती ऑगस्टमधले, म्हणून ऑगस्टमध्ये गेल्यास दोन्ही भाग कोरड्या दिवसांत पाहता येतील. सिंहराजा मात्र तेव्हा भिजलेलाच असणार.

पाणकावळा:

भिजलेलाच पाहावा. जळवांसाठी लांब मोजे न्यावेत.