मिरियम मकेबा यांना अमेरिकेने खरोखर आपले मानले होते का?

षड्ज (चर्चाप्रस्ताव)
आईच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेहून दक्षिण आफ्रिकेला निघालेल्या तिथल्याच गायिका मिरियम मकेबा यांना १९६० साली कळले की, त्यांचे पारपत्र मायदेशाच्या सरकारने रद्द केले आहे. १९६३ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे वर्णभेदाविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरही तिकडे बंदी आली. अमेरिकेत मात्र कौतुक चालू होते. त्याच वर्णभेदाची व्यथा सांगणाऱ्या, अमेरिकी गायक हॅरी बेलाफोंटे यांच्यासोबतच्या गीतसंग्रहाला १९६६ मध्ये ग्रॅमी मिळाले. पुढे १९६८ मध्ये त्यांनी ‘ब्लॅक पॉवर’ या अमेरिकेतल्याच कृष्णवर्णीयांच्या जहाल चळवळीचे पुढारी स्टोकली कारमायकेल यांच्याशी लग्न केले आणि ठरलेले कार्यक्रम एकापाठोपाठ एक रद्द होऊ लागले. माझे मत असे की, दुःख परक्या देशातले होते तोवरच अमेरिकेला ते ऐकवत होते.

मंद्र
असहमत. त्याच १९६८ च्या जुलैमध्ये ह्यू मासेकेला यांची रचना अमेरिकी लोकप्रियता-यादीत पहिल्या क्रमांकावर होती. तेही दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले कृष्णवर्णीय कलावंत, शिवाय मकेबा यांचे पूर्वीचे पती. तेव्हा रोष होता तो कारमायकेल यांच्या राजकारणावर. आफ्रिकी कलावंतांवर तो नव्हता.

षड्ज
उदाहरण तुम्ही दिलेत, पण ते माझ्याच बाजूने बोलते. मासेकेला यांची ती रचना केवळ वाद्यसंगीताची आहे, तिच्यात शब्दच नाहीत!

मंद्र
हा मुद्दा मान्य. पण मग अमेरिकेनंतर त्या जिथे राहिल्या, त्या पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचे काय? तेथे राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांनी मकेबा यांना आश्रय दिला, त्यांच्याच वतीने त्या संयुक्त राष्ट्रांत बोलल्या. त्याच राजवटीत आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली यांचा १९७७ मध्ये काम्प ब्वारोच्या तुरुंगात अंत झाला. यजमानाची नाराजी टाळण्यासाठी पाहुण्याने शब्द आवरणे तेथेही होतेच. मग दोषाचे माप एकट्या अमेरिकेच्या पदरात का?

अनुनाद
मंद्र यांच्या प्रश्नात एक गल्लत आहे. मायदेशाचे दार बंद असताना दुसरा आसरा गमावण्याची भीती ज्या बाईला होती, तिच्या गप्प राहण्याला आणि आयोजकांनी कार्यक्रम रद्द करण्याला एकाच तराजूत तोलता येणार नाही.

मंद्र
भीती समजते. पण तुरे यांची स्तुतीही त्यांनी गायली, आणि तेवढी सक्ती त्यांच्यावर होती असे मला वाटत नाही.