खाण्याच्या इतिहासातले अजब किस्से: खोटे असले तरी चालतात का?

टिपकागद:
बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. खाण्याच्या इतिहासातले अजब किस्से म्हणून जे फिरत असतं ना, म्हणजे गाजर केशरी केलं ते 'ऑरेंज' नावाच्या डच राजघराण्याच्या मानासाठी, पास्ता मार्को पोलोने चीनहून आणला, मध्ययुगात सडक्या मटणाचा वास मारायला मसाले घालायचे, यातलं बरंचसं खोटं तरी आहे नाहीतर बिनपुराव्याचं. मी शिकवते, आणि गाजराची गोष्ट मी वर्गात तीन-चार वर्षं छातीठोकपणे सांगितली. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बाई हे कुठे लिहिलंय? मला उत्तर देता येईना. घरी येऊन शोधत बसले तर केशरी गाजर नेदरलँड्समध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात रुजलं हे खरं, त्याआधीची जांभळी-पिवळी गाजरं पर्शिया-अफगाणिस्तानकडून पसरली हेही खरं, पण राजासाठी मुद्दाम रंग बदलला याला त्या काळचा आधारच नाही. पास्त्याचं तर अजूनच सरळ आहे, अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने ११५४ मध्येच लिहून ठेवलंय की सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबियात शेवयांसारखा पदार्थ ढिगाने बनतो आणि जहाजं भरून बाहेर जातो. मार्को पोलो परत आला १२९५ ला! आणि मसाल्यांचं म्हणाल तर ज्याला मिरी-लवंग परवडायची त्याला ताजं मटण परवडत नव्हतं का?

माझं म्हणणं एवढंच की हे थांबायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा:
ताई, मला नाही पटलं. इतिहासाच्या नावाने जांभया देणारा माणूस अशा किस्स्यानेच आत येतो. माझंच सांगतो, 'डचांनी जायफळाच्या एका चिमुकल्या बेटासाठी मॅनहॅटन देऊन टाकलं' हे मी शाळेत असताना ऐकलं आणि नकाशा काढून ते रन नावाचं बेट शोधत बसलो, इंडोनेशियातल्या बांदा बेटांमधलं. पुढे वाचल्यावर कळलं की १६६७ च्या इंग्रज-डचांच्या ब्रेडाच्या तहात अदलाबदल अशी नव्हतीच, ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याने ठेवायचं एवढंच ठरलं. म्हणजे किस्सा अर्धवटच होता, पण तो नसता तर मी त्या तहापर्यंत पोचलोच नसतो. दार थोडं वाकडं असलं म्हणून बंद करायचं का?

टिपकागद:
तुमच्याच उदाहरणावर बोलते. त्या गोड किस्स्यात १६२१ साल येतं का हो? डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरझून कूनने जायफळाची मक्तेदारी मिळवायला त्याच बांदा बेटांवर चढाई केली, हजारोंच्या वस्तीतली बहुतेक माणसं मारली गेली, उपासमारीने गेली किंवा गुलाम करून नेली, आणि मग मळ्यांवर बाहेरून गुलाम आणून बसवले. ऐकणाऱ्याला आठवतं काय तर 'वा, कसला सौदा!' तुम्ही पुढे वाचलंत, हे तुमचं मोठेपण, पण दहातले नऊ जण तिथेच थांबतात.

उंबरठा:
मी टिपकागद यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. खरी गोष्ट इतकी चमत्कारिक असते की खोट्याची गरजच काय? मका घ्या. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून, सालं धुवून मग वाटत आलेत. युरोपियनांनी मका नेला पण ही रीत तिथेच सोडली, त्यांना ती उगाचची खटपट वाटली असणार. आणि मग इटलीतले गरीब शेतकरी, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतले गिरणी कामगार, जे जे मक्यावरच जगत होते त्यांना पेलाग्रा नावाचा रोग व्हायला लागला. आधी हातांवर आणि मानेवर ऊन लागतं तिथली कातडी काळी पडून सोलायची, मग जुलाब, मग भ्रम, मग मरण. मक्यातलं नायसिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, चुन्याशिवाय शरीराला फारसं मिळत नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं, अनेकांना वाटायचं संसर्ग आहे. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर नावाचा डॉक्टर सांगत होता की हा जंतू नाही, हे ताटातलं दारिद्र्य आहे, कुणी ऐकेना, तेव्हा १९१६ मध्ये त्याने, त्याच्या बायकोने आणि काही सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, त्याने तर रोग्यांच्या खपल्या आणि मलमूत्र पिठात कालवून गोळ्या करून गिळल्या. एकालाही पेलाग्रा झाला नाही. नेमकं कुठलं जीवनसत्त्व ते १९३७ मध्ये कळलं, तोवर गोल्डबर्गर गेला होता. यापेक्षा अजब काय हवंय?

जुनीवही:
उंबरठा, तुमचा किस्सा वाचून शहारा आला. पण मला दोन्ही बाजूंना एक विचारायचंय, आपण 'अजब' म्हणतो कशाला? डबाबंद अन्न १८१० च्या सुमारास आलं आणि ओपनरचं पेटंट अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने १८५८ मध्ये घेतलं, हा किस्सा सगळे हसायला सांगतात, बघा किती बावळट लोक! अहो ते डबे जाड लोखंडी पत्र्याचे, हाताने झाळलेले, मुख्यतः आरमारासाठी आणि लष्करासाठी बनायचे, त्यावर छिन्नी-हातोडीने कापा असंच लिहिलेलं असायचं आणि जहाजावर छिन्नी असायचीच. पत्रा पातळ झाल्यावर, डबे घरोघरी जायला लागल्यावर ओपनर आलं. यात बावळटपणा कुठेय? किस्सा खरा असूनही तो चुकीचं शिकवू शकतो, म्हणून नुसतं खरं-खोटं करून भागणार नाही.

रानवारा:
जुनीवही +१. पण मी माझं सोडत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी पसरवलं की त्यांच्या वैमानिकांना गाजरं खाऊन अंधारात दिसतं, खरं कारण विमानातलं रडार, ते लपवायचं होतं. धादांत खोटं, पण रेशनच्या दिवसांत गाजरं मुबलक होती आणि लोकांनी ती आवडीने खाल्ली. खोट्या किस्स्याने भलं झालं की नाही?

उंबरठा:
झालं, कारण त्यात कण खरा होता. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतोच. पण धडधाकट माणसाने कितीही गाजरं खाल्ली तरी नजर घुबडासारखी होत नाही, आणि आजही लोक चष्मा जाईल म्हणून पोरांना गाजराचा रस पाजतात, डोळे तपासायला नेत नाहीत. हे माझ्या घरात झालंय. माझ्या भाच्याचा नंबर वर्षभर उशिरा कळला, तोवर तो फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवत होता. तेव्हापासून मला हे किस्से निरुपद्रवी वाटत नाहीत.

रानवारा:
हे वाचून वाईट वाटलं. तब्येतीच्या बाबतीत तुमचं मान्य, तिथे खोटं नकोच. पण पार्मांतिए या फ्रेंच औषधतज्ज्ञाची गोष्ट घ्या, फ्रान्समध्ये १७४८ मध्ये बटाट्यावर बंदी आली होती, कुष्ठरोग होतो म्हणायचे, आणि हा माणूस प्रशियाच्या कैदेत बटाटे खाऊनच जगला होता, परत येऊन त्याने बटाट्याची बाजू लावून धरली, १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यांनी बटाटा खाण्याजोगा ठरवला. त्याने म्हणे शेतावर दिवसा पहारा ठेवला आणि रात्री मुद्दाम काढून घेतला, म्हणजे लोकांनी चोरून न्यावेत. पहाऱ्याची ती गोष्ट दंतकथा असेल, पण त्याची जिद्द तिच्यातूनच लक्षात राहते. मी ती सांगणारच, फक्त आधी 'असं म्हणतात' लावून.

टिपकागद:
लावा की, त्याला माझी हरकत नाही. भीती एकच, ते 'असं म्हणतात' दुसऱ्याच फॉरवर्डला गळून पडतं. मी तरी आता वर्गात कैदेतल्या बटाट्यापासून सुरू करणार आहे, आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीला सांगितलंय की प्रत्येक गोष्टीनंतर हात वर करून विचारायचं, हे कुठे लिहिलंय.