‘सिस्टिम घेत नाही’ : तुमच्याकडे काय चाललंय?

आमचं घर सड्याखालच्या वाडीत, थोडी आंब्याची कलमं. यंदा अनुदानासाठी सातबारा काढला, तर आजोबांच्या ‘धोंडू’चं ‘घोंडू’ झालेलं. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ‘धोंडू’ स्वच्छ वाचता येतं. हजारो उतारे संगणकावर चढवताना एखादं अक्षर चुकणार, ते मी समजू शकते. पण दुरुस्तीसाठी तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं : सिस्टिम घेत नाही. दर खेपेला एक दिवस मोडतो.

खिडकीपलीकडच्या माणसाने दोन्ही उतारे शेजारी ठेवले, त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ताई, दिसतंय हो, पण माझ्या हातात नाही.” हे मला फार लागलं. पूर्वी काम अडवणाऱ्याशी निदान भांडता यायचं. आता चूक सगळ्यांना दिसते आणि ती कुणाचीच नसते.

रेशन, वीज, तिकिटं, काहीही असो. घडलं तसं लिहा.

*

वेंगुर्ल्याकडचा आहे मी. आई पंचवीस वर्षं काजू फोडायला जायची. टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावा, खोबरेल चोळा, तरी बोटांची सालं निघतात. तिच्या दोन्ही अंगठ्यांवर आता रेषाच उरल्या नाहीत, समुद्रकिनाऱ्यावरच्या गोट्यासारखे गुळगुळीत झालेत.

रेशनला गेली की अंगठा मशीनवर चार-चारदा ठेवायचा. पदराला पुसून, ओला करून, केसांना घासून. मग ओटीपी. तो येतो माझ्या फोनवर आणि मी असतो गोव्यात कामावर. मी बघेपर्यंत त्याची वेळ संपलेली. गेल्या महिन्यात ती दुकानदाराला म्हणाली, “अरे झिला, मी हय उभी आसय मां!” तो तिला लहानपणापासून ओळखतो. पण मशीन पावती देईना. तांदूळ न घेताच ती परतली. तिठ्यापासून आमच्या घरापर्यंत सगळा चढ आहे.

*

विजेचं लिहितो. आषाढात फांदी पडून वाडीची लाइन तुटली. फोनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज : आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. तो मी कंदिलाशेजारी बसून वाचला. फांदी तारेवर तशीच होती. परत फोन केला तर म्हणाले, जुनी तक्रार बंद झाली, नवीन करा.

शेवटी वायरमनच्या घरी गेलो. एकटा माणूस अकरा वाड्या बघतो, भर पावसात खांबावर चढतो. त्याच्यापर्यंत तक्रार पोचलीच नव्हती. तासाभरात येऊन त्याने लाइन जोडून दिली. कृपा करून त्याला कुणी बोल लावू नका.

*

बसमध्ये तिकिटाचं मशीन हँग झालं, कंडक्टरकडे कागदी तिकिटं नाहीत. अर्धा तास गाडी उभी. मागच्या सीटवर परीक्षेला निघालेली तीन पोरं होती.

*

गणपतीच्या गाड्यांचं कुणीच लिहिलं नाही? १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. मी, बायको आणि भाऊ, तिघे सकाळी ८ ला तीन फोन घेऊन बसलो. ८ वाजून ३ मिनिटांनी खात्यातून पैसे गेले, तिकीट आलं नाही. पैसे चार दिवसांनी मिळाले, जागा गेली ती गेलीच. सत्तरीच्या वडिलांना महामार्गाने आणलं. माणगावला पोचेपर्यंत त्यांचे पाय सुजले होते.

*

श्रीवर्धनकडून. मला आधी एक चांगली आठवण सांगायची आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची सुपारीची बाग आडवी झाली. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. पंचनाम्याला आलेली मुलगी चालत आली. पोफळी एकमेकींवर पडलेल्या, पाय ठेवायला जागा नव्हती. तिने बुंध्यावर गेरूची खूण करत एकेक झाड मोजलं, कागदावर लिहिलं, वडिलांना वाचून दाखवलं, मगच सही घेतली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, त्यापुढे कुठलीही मदत थोडीच. पण मोजणी खरी होती. त्या रात्री वडील पहिल्यांदा नीट जेवले.

आता झाडांची नोंद फोनवरून आम्हीच करायची. स्वतःच्या बागेत उभा राहून फोटो काढतो, तर ॲप म्हणतं तुम्ही तुमच्या जमिनीच्या गटाबाहेर आहात. माडापोफळींच्या दाट सावलीत जीपीएस नीट लागत नाही, काही मीटर इकडेतिकडे होतं आणि आमचे हिस्से चिंचोळे. बनवणाऱ्यांनी एकदा तरी आमच्या आगरात येऊन फोन उघडायला हवा होता.

*

मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय. ताई, अक्षराची चूक हा लेखनप्रमाद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५५ त्यासाठीच आहे. तहसीलदारांच्या नावे अर्ज करा, हस्तलिखित उतारा आणि फेरफाराची (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीची) नक्कल जोडा आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी विचारलेलं कुठेच नोंदलं जात नाही, तीन खेपा तिथेच वाया गेल्या.

वेंगुर्ल्याच्या भावाला : अंगठा उठला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, अशी केंद्राची २४ ऑक्टोबर २०१७ ची सूचना आहे. वेगळ्या नोंदवहीत नोंद करून द्यायचं असतं. पुरवठा शाखेला लेखी द्या.

आमच्या वेळी सगळं सुरळीत होतं असं नाही. फेरफार महिनोन्महिने दाबून ठेवणारे मी पाहिलेत आणि गप्प राहिलो, त्याची बोच आहे.

*

काका, मनापासून आभार. फेरफाराची नक्कल आईच्या ट्रंकेत सापडली. कडेला वाळवी लागलीय, ‘धोंडू’ शाबूत आहे. सोमवारी अर्ज घेऊन जातेय, पोच मिळाली की इथे लिहीन. वेंगुर्ल्याचे दादा, आईंना तांदूळ मिळाले का, नक्की कळवा.